मोडीत काढण्याची रीत

संगणकाच्या धंद्यात 'डेप्रिकेट करणे' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. एखादी सोय अजून चालू आहे, पण यापुढे ती वापरू नये, कारण कधीतरी ती काढून टाकली जाणार आहे, अशी आगाऊ सूचना देणे, इतका सगळा अर्थ त्या एका क्रियापदात सामावलेला आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ प्रार्थना करून अरिष्ट टाळणे असा आहे हे कळल्यावर आम्हा मराठीच्या मास्तरांना तो शब्द एकदम जवळचा वाटला. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द आम्हाला सापडलेला नाही. 'मोडीत काढणे' आहे. पण मोडीत काढलेले भांडे त्याच दिवशी तराजूत जाते, मुदत देण्याची कल्पना त्यात नाही. प्रतिशब्द नाही, कारण आपल्याकडे ती रीतच नाही, अशी आम्हाला शंका आहे.

या शब्दाची ओळख आम्हाला एका माजी विद्यार्थ्याने करून दिली. तो पुण्यात याच व्यवसायात आहे, आणि दिवाळीत मुरुडला आला की एक संध्याकाळ आमच्याकडे काढतो. त्याने सांगितलेली गोष्ट पर्ल नावाच्या संगणकभाषेतली आहे. ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. वॉल यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास केलेला होता, हे आमच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पर्लमध्ये माहिती साठवण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. ते आम्हाला समजले ते हजेरीपटाच्या दाखल्याने. पहिला प्रकार ॲरे. त्यात सगळा कारभार क्रमांकावर: सतरा नंबर म्हटले की सतराव्या ओळीवर बोट. दुसरा हॅश. त्यात क्रमांक नाही, नावाने हाक मारायची. क्रमांकाने शोधणे जलद, नावाने शोधणे माणसाला सोयीचे. १९९८ च्या ५.००५ या आवृत्तीत प्रयोग म्हणून या दोहोंचा संकर केला गेला. पट क्रमांकाचाच, पण त्याच्या पहिल्याच घरात नावांची सूची ठेवायची: अमके नाव म्हणजे अमका क्रमांक. बाहेरून हाक नावाने, आतून काम क्रमांकाने. शिवाय नाव चुकीचे लिहिले गेले, तर काही वेळा ते कार्यक्रम चालू होण्याआधीच लक्षात येई. याला 'स्यूडो-हॅश' म्हणत. आम्ही त्याला तोतया हॅश म्हणू. पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांमुळे हा शब्द मराठीला समजावून सांगावा लागत नाही.

तोतयाचे दुखणे असे, की तो एकटा आला तरी पहारा सगळ्यांवर बसतो. समोरची वस्तू खरी की सोंग घेतलेली, हे पर्लला वरचेवर तपासावे लागे, आणि ज्यांनी ही सोय जन्मात कधी वापरली नाही त्यांचेही कार्यक्रम त्यामुळे रेंगाळत. २००२ साली ५.८ ही आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यासोबतच्या टिपणात कर्त्यांनी हे स्वच्छ सांगितले: ही रचना बेढब आहे, तिच्यामुळे साध्या ॲरेचा आणि हॅशचा वापरही मंदावतो, म्हणून ५.१० मध्ये ती काढली जाईल आणि तिचे काम दुसऱ्या पद्धतीने होईल. ५.१० निघाली १८ डिसेंबर २००७ रोजी. मधली पाच वर्षे सोय चालू होती, आणि सूचना जाहीर होती. पुढेही नावे ठरवून घेण्याची वरची पद्धत तशीच राहिली; तिच्याखालचा सांगाडा तेवढा बदलला. ज्याला जुनेच हवे त्याला जुनी आवृत्ती आजही उतरवून घेता येते.

आम्ही ही गोष्ट ऐकत होतो आणि मनात अनुस्वार मोजत होतो.

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ मध्ये आणखी चार आले आणि अठरा झाले. त्यांतला सर्वांत दूरगामी नियम उच्चार नसलेल्या अनुस्वारांना निरोप देणारा होता. पांच, नांव, त्यानें, घरीं, तें, करितों यांच्या डोक्यावरचे टिंब गेले. अनेकवचनी सामान्यरूपाचे तेवढे राहिले, म्हणून 'मुलांना' आणि 'लोकांनी' अजून सुरक्षित आहेत. आमचे मत विचाराल तर हा निर्णय योग्य होता. अनुच्चारित अनुस्वार हा मराठीतला तोतयाच होता. प्रमाण भाषेच्या उच्चारातून तो केव्हाच गेला होता, तरी त्याच्यापायी प्रत्येक पोराला प्रत्येक शब्दाशी थबकावे लागे. ज्याच्या घरात संस्कृत नव्हते, त्याला 'पांच'वर टिंब का आणि 'सात'वर का नाही हे कोण सांगणार? आमच्या भागातल्या शाळांत पहिल्यांदाच पाटी घेऊन बसलेल्या पिढ्यांवरचे एक ओझे त्या नियमाने उतरवले, आणि जुन्या लेखनासाठी गळा काढणारांत आम्ही नाही.

पण टिंब नुसतेच शोभेचे होते, असे जे तेव्हापासून शिकवले जाते, ते खोटे आहे. 'तें गेलें' म्हणजे मूल गेले, 'ते गेले' म्हणजे पुरुष गेले. 'तीं आलीं' म्हणजे मुले आली, 'ती आली' म्हणजे एकटी मुलगी. 'येतों' म्हणजे मी, 'येतो' म्हणजे तो. लिंग, वचन, पुरुष अशा तीन ठिकाणी ते टिंब अर्थाचे काम करीत होते. कान ज्याला मुकला होता ते डोळ्याला अजून दिसत होते. (कोकणीच्या कानाने तर ते अजून सोडलेले नाही.) हे काम आता संदर्भावर सोडले आहे, आणि बहुतेक वेळा संदर्भ ते पारही पाडतो. ही किंमत देण्याजोगी होती. ती होती एवढे कबूल करायला मात्र हरकत नव्हती.

आमची खरी तक्रार पुढची आहे. त्याच नियमावलीत जुन्या मजकुरासाठी एक तरतूद आहे: केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य छापताना मुळाबरहुकूम छापावे, त्यानंतरचे नव्या नियमांप्रमाणे. म्हणजे पुढच्या लेखनाला नियम लावून महामंडळ थांबले नाही. मागे जाऊन लिहून झालेल्या, छापून झालेल्या, लेखक हयात नसलेल्या मजकुरातूनही टिंबे उचलण्याची मुभा, किंबहुना आज्ञा, त्याने दिली. पर्लच्या कर्त्यांनी कोणाच्या घरात शिरून त्याचे जुने कार्यक्रम दुरुस्त केले नाहीत. आणि सीमारेषा तरी कोठे आखली? 'निबंधमाला' सुरू झाली १८७४ साली. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ ची, 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा झाला १८८३ मध्ये. नियम अक्षरशः लावला, तर एकाच लेखकाचे एक पुस्तक मुळाबरहुकूम आणि दुसरे सुधारून छापावे लागेल. ज्या फुल्यांनी पंडिती वळण जाणूनबुजून झुगारले त्यांच्या लेखनाची विभागणी चिपळूणकरांच्या नावाने व्हावी, यातला विनोद नियम करणारांच्या ध्यानात आला नसावा.

आज बाजारात मिळणाऱ्या त्या काळच्या पुस्तकांपैकी पुष्कळांचे लेखन असे बदललेले असते, आणि बदलले आहे ही ओळसुद्धा बहुधा छापलेली नसते. एम.ए.चा विद्यार्थी हरिभाऊ आपट्यांचे वाक्य उद्धृत करतो, तेव्हा ते हरिभाऊंनी तसे लिहिले होते की नाही हे त्याला माहीत नसते. मूळ आवृत्ती पाहायची तर मुरुडहून कोठवर जायचे? मग एखाद्या ग्रंथालयाने संगणकावर चढवलेली जुनी प्रत मिळते, आणि तिच्यात 'नाव' शोधले तर 'नांव' सापडत नाही.

वापर कमी म्हणून उपयोग नाही, हे गणित किती फसवे असते ते मराठवाड्याने नुकतेच पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि निजामकाळातली दप्तरे उघडली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधण्याची वेळ आली. मोडी मोडीत निघाली तेव्हा ती वाचणारे मागे ठेवण्याची तजवीज आपण केली नव्हती.

याच्या नेमका उलटा स्वभाव युनिकोडचा. संगणकावर जगातल्या लिप्यांचा सांभाळ करणाऱ्या या मानकाने, एकदा घेतलेले अक्षर कधीही काढणार नाही अशी जाहीर हमी दिलेली आहे. फार झाले तर 'वापरू नका' असा शेरा मारतात. मराठीत ज्या ऌकाराला 'कॢप्ती' आणि तिच्या नात्यातल्या एखाद्या शब्दापलीकडे घर उरलेले नाही, तोही तेथे सुखाने नांदतो. या उदारपणाचाही जाच आहेच. 'दऱ्या'मधला अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती युनिकोडमध्ये आहेत, त्यांतली एक केवळ जुन्या आवृत्तीशी नाते तुटू नये म्हणून राखलेली. डोळ्याला दोन्ही सारख्या दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. आमच्या दोघा विद्यार्थ्यांच्या टंकलिखित प्रबंधांत हाच घोळ निघाला, आणि शब्दसूची हाताने जुळवावी लागली.

तरीही निवड करायची झाली तर आम्ही हा घोळ पत्करू. प्रकाशकांकडे आमचे मागणे फार नाही. १८७४ च्या अलीकडचा मजकूरही मुळाबरहुकूम छापावा. ते परवडत नसेल तर पहिल्या चार पानांत कोठेतरी लेखन बदलल्याचे आणि कोणत्या आवृत्तीवरून बदलल्याचे सांगावे. यंदा आम्ही आमच्यापुरते एक केले. १९६२ पूर्वीच्या एका पुस्तकाची दोन पाने, टिंबांसकट, छायाप्रती काढून वर्गात वाटली. पहिली दहा मिनिटे सगळे मुद्रणदोष मोजत होते. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, इथे 'येतों' आहे आणि खाली 'येतो' आहे, खालचा येणारा माणूस दुसरा आहे का?" तो दुसराच होता.