हात पोचेल तिथपर्यंत

परवा भाच्याने व्हिएन्नाहून हुंडर्टवासर हाउसचे फोटो धाडले आणि खाली लिहिलं, ‘मामा, गवंड्याकडे ओळंबा नव्हता वाटतं!’ होता हो. तो बाजूला ठेवायला लावणारा गृहस्थ मात्र वास्तुविशारदांना हाताशी धरलेला चित्रकार होता. फ्रीडेन्सराइश हुंडर्टवासरला सरळ रेषेचा मनस्वी तिटकारा. म्हणून १९८३ ते १९८५मध्ये उभ्या राहिलेल्या या इमारतीत व्हरांड्यांची जमीनसुद्धा उंचसखल, खिडक्या एकीसारखी दुसरी नाही, दर्शनी भिंत गोधडीसारखी रंगीबेरंगी, आणि झाडं गच्चीवर तर आहेतच, पण काही थेट खोल्यांतून खिडकीबाहेर डोकावतात. बरं, हे कुणा गर्भश्रीमंताचे चोचले नव्हेत; व्हिएन्नाच्या पालिकेने भाड्याने द्यायला बांधलेली ही पन्नासेक बिऱ्हाडं. पठ्ठ्याने मोबदलाही घेतला नाही. इथे एखादं कुरूप बांधकाम उभं राहिलं नाही, यातच त्याला सगळं मिळालं. रंगांचं कौतुक पर्यटकांनी करावं, मला भावला तो त्याचा ‘खिडकीचा हक्क’. भाडेकरूने खिडकीतून वाकावं आणि हात पोचेल तेवढी बाहेरची भिंत आपल्या मर्जीने रंगवावी, असा त्याचा आग्रह. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक सोसायटीच्या नियमावलीत हे कलम हवंच. सगळ्या इमारतींना एकच बदामी रंग फासणं ही शिस्त नव्हे, निव्वळ आळस आहे. शेजाऱ्याचा पोपटी रंग डोळ्यांत खुपेल? खुपू दे की. पाहुण्यांना पत्ता सांगताना ‘पोपटी खिडकीच्या वरचं घर’ म्हटलं की काम झालं.