बिब्बासुद्धा नैसर्गिकच असतो

मंडळी, आज जरा भांडायचंय. माणसांशी नाही, एका वाक्याशी. “नैसर्गिक आहे गं, त्याने काय होतंय?” चाकूरपासून पुण्यापर्यंत आमच्या अख्ख्या गोतावळ्यात हे वाक्य चालतं. काकू, आत्या, माम्या वाचत असतील (वाचतात, मला माहीत आहे!) तर आधीच सांगते, रागवायचं असेल तर पूर्ण वाचून रागवा.

सध्याचं खूळ म्हणजे करडईच्या पाकळ्यांचा लेप. वाळलेल्या पाकळ्या दह्यात भिजवायच्या, चमचाभर डाळीचं पीठ घालायचं आणि वीस मिनिटं तोंडाला फासून बसायचं. रंग उजळतो म्हणे. आपल्याकडे करडई म्हणजे तेल, कोवळ्या पाल्याची भाजी आणि पायाला टोचणारे काटे. फुलांना कुणी विचारत नव्हतं. म्हणून गावी गेल्यावर मीही लावून पाहिला. थंड वाटलं, छान वाटलं. धुतल्यावर गाल मऊ लागले आणि किंचित पिवळे दिसले. संध्याकाळी पुन्हा तोंड धुतलं, पिवळेपणा गेला. मी होते तशीच सावळी.

यात नवल काहीच नाही. करडईच्या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात सहज उतरतो, तांबडा काढायला खार लागतो. त्या तांबड्यापासून जपानमध्ये ओठांना लावायचा ‘बेनी’ नावाचा रंग शेकडो वर्षं करत आलेत. आपल्याकडे केशरात भेसळ करायला याच पाकळ्या वापरतात. थोडक्यात, हे फूल रंग चढवणारं आहे, उतरवणारं नव्हे. आपला वर्ण ठरतो मेलॅनिनवर, आणि ते बनतं बाह्यत्वचेच्या अगदी तळाच्या थरात. वीस मिनिटांचा लेप तिथे जाऊन काय दिवे लावणार?

“बरं, फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय?” इथेच माझं खरं भांडण आहे.

बिब्बा कुठल्या कारखान्यात होतो का? झाडालाच लागतो. त्याच्या तेलाने धोबी कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करायचे, आणि तेच तेल अंगावर उतलं तर फोड येतात. ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार उगाच नाही आला. रुईचा चीक नैसर्गिक, धोतरा नैसर्गिक. करडईसुद्धा सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातली, आणि त्या कुळाची ॲलर्जी काहींना असते.

आणि आपलं लाडकं लिंबू! त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास, लिंबाच्या रसाचा दोनच्या. या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट, तेव्हा तीन अंक म्हणजे हजारपट आम्ल. शिवाय लिंबातली काही द्रव्यं अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते आणि मागे काळे डाग राहतात. माझ्या भाचीने बारावीच्या सुट्टीत हळद-लिंबू लावलं आणि लेप लवकर वाळावा म्हणून गच्चीवर बसली. मे महिना, चाकूरचं ऊन. आग व्हायला लागली तर घरातल्या मोठ्यांनी समजूत घातली, “आग होतेय म्हणजे गुण येतोय.” मग फोड, मग डाग, मग लातूरला त्वचेच्या डॉक्टरांकडे खेपा. चार महिने पोरगी स्कार्फ बांधून वावरली. डाग गेले, पण फोटो काढताना ती अजून एक गाल वळवते.

तिने लेप का लावला? चुलत बहिणीच्या लग्नात कुणीतरी म्हणालं होतं, “नाकीडोळी छान आहे, रंगच तेवढा...” हे ते अर्धवट सोडलेलं वाक्य. क्रीम काय, लेप काय, सगळी दुकानं याच वाक्यावर चालतात. 1975 साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चं नाव 2020 मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. डबीवरचा शब्द बदलला, बैठकीतला प्रश्न नाही बदलला. 2023 मध्ये अकोल्यातली एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींची मूत्रपिंडं गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याने बिघडल्याची बातमी होती. त्यानंतर “बघ, म्हणून घरचंच लावावं” असं मला तिघींनी तरी ऐकवलं. म्हणजे क्रीम सोडायचं, पण गोरं व्हायचं सोडायचं नाही!

“आपल्या परंपरेत हळद आहेच की.” आहे ना. पण लग्नात हळद नवऱ्यालाही लागते, आणि त्याचा रंग किती उजळला हे कुणी मोजत नाही. दिवाळीचं उटणं घरातल्या सगळ्यांना लागतं, ते अंग स्वच्छ व्हावं, वास यावा म्हणून. त्या उटण्यात तोंड लपवायला लावणारं काही नसतं.

तेव्हा लेप लावा, हौसेने लावा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. आग झाली की धुवा, गुणाची वाट बघू नका. आणि घरात एक नियम करूया: मुलीने विचारलं नसेल तर तिला लेप सुचवायचा नाही.

असो. पाकळ्या अर्धी डबी उरल्यात. उन्हाळ्यात थंडाव्याला लावीन म्हणते.