विश्लेषण : बंपरवरच्या ‘व्हेंट’मुळे कारचे ब्रेक खरेच थंड राहतात का? घाट उतरताना त्यांचा उपयोग किती?

नाशिकहून मुंबईकडे निघालेल्या गाडीला इगतपुरी मागे पडली की कसारा घाटाचा उतार लागतो. सप्तशृंगी गडावरून परतताना नांदुरीपर्यंत सुमारे १० किलोमीटर वळणावळणाचा घाट उतरावा लागतो. अशा रस्त्यांवर ब्रेक तापणे ही जुनी डोकेदुखी. आता नव्या गाड्यांच्या पुढच्या बंपरवर, दोन्ही कोपऱ्यांत हवेची छिद्रे म्हणजे ‘व्हेंट’ दिसतात. ‘यातून हवा जाते आणि ब्रेक थंड राहतात,’ असे अनेकदा सांगितले जाते. जुन्या गाडीला असे बंपर बाहेरून बसवून घेणारेही आहेत. प्रत्यक्षात या छिद्रांचे काम काय, हे समजून घेणे घाटातून नेहमी जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचे आहे.

ब्रेक तापतात म्हणजे नेमके काय होते?

ब्रेक दाबला की पॅड डिस्कवर घासतात आणि गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते. १,६०० किलो वजनाची भरलेली कार ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबवली, तर सुमारे ६ लाख ज्यूल उष्णता तयार होते. हीच कार ३०० मीटर उंची उतरली, तर सुमारे ४७ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या उष्णतेत १५ लिटर पाणी उकळीला येईल. यातील काही भाग हवेचा आणि टायरचा रोध खाऊन टाकतो. उरलेला भार इंजिनाने घ्यायचा की ब्रेकने, हे चालक कसा गाडी चालवतो यावर ठरते.

ब्रेक सतत दाबून ठेवला तर पॅड इतके तापतात की त्यांची पकड कमी होते. दुसरा धोका ब्रेक ऑइलचा. ‘डॉट ३’ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, तर ‘डॉट ४’चा किमान २३० अंश असावा लागतो. पण हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. ओलावा मुरल्यावर हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडते आणि तळापर्यंत जाते. चालकाच्या भाषेत ‘ब्रेक फेल’ होतो.

बंपरवरची छिद्रे मग कशासाठी असतात?

त्यांचे साधारण चार प्रकार आहेत. पहिला प्रकार केवळ शोभेचा. वरून जाळी दिसते, पण मागे बंद प्लास्टिक असते. हवा आत जाण्याचा प्रश्नच नाही. दुसरा प्रकार रेडिएटर, एसी कंडेन्सर किंवा टर्बो इंजिनाच्या इंटरकूलरला हवा देणारा. तिसरा प्रकार ‘एअर कर्टन’चा. बंपरच्या कडेला उभी अरुंद फट असते. तिच्यातून आलेली हवा पुढच्या चाकाच्या बाहेरच्या बाजूने पडद्यासारखी वाहते. फिरत्या चाकाभोवती होणारी हवेची खळबळ त्यामुळे कमी होते आणि इंधन वाचते. हेतू ब्रेक थंड करण्याचा नसतो.

चौथा प्रकार खऱ्या ब्रेक डक्टचा. यात छिद्राच्या मागे नळी किंवा पन्हळ असते आणि हवा थेट डिस्कच्या मध्यभागाकडे सोडली जाते. शर्यतीच्या आणि काही महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये ही सोय असते. रोजच्या वापरातील हॅचबॅक, सेडान किंवा एसयूव्हीमध्ये ती क्वचितच आढळते.

खरी डक्ट असली, तर घाटात फायदा होईल का?

फारसा नाही. शर्यतीत गाडी जोरात ब्रेक मारते आणि पुन्हा सरळ रस्त्यावर सुसाट धावते. त्या वेगात छिद्रातून भरपूर हवा येते. घाटात नेमके उलटे असते. वेग ताशी ३०-४० किलोमीटर आणि ब्रेकवर मात्र सलग ताण. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे ताशी १२० किलोमीटरला जो दाब मिळतो, त्याचा जेमतेम नववा हिस्सा ताशी ४० किलोमीटरला मिळतो. गरज सर्वाधिक असते तेव्हाच छिद्र सर्वांत निरुपयोगी ठरते.

मग साध्या कारचे ब्रेक थंड कसे होतात?

बहुतेक कारच्या पुढच्या चाकांना ‘व्हेंटिलेटेड’ डिस्क असते. ती दोन चकत्यांची असून मध्ये पोकळ्या असतात. चाक फिरताना ती पंख्यासारखी मधून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. डिस्कचा आकार, जाडी आणि अलॉय व्हीलमधील मोकळी जागा यांवर थंडावा अवलंबून असतो. बंपरवरच्या जाळीपेक्षा हे घटक कितीतरी महत्त्वाचे.

आपल्या गाडीचे छिद्र खरे की शोभेचे, हे कसे ओळखावे?

मोबाइलचा टॉर्च लावून छिद्रात पाहावे. मागे काळे प्लास्टिक दिसले तर ते शोभेचे. रेडिएटरच्या बारीक पट्ट्या दिसल्या तर ते इंजिनासाठी. उजेड चाकाच्या कमानीतील फटीतून बाहेर आला तर बहुधा एअर कर्टन. चाकाच्या आतल्या बाजूला डिस्ककडे वळलेली नळी असेल तरच ती ब्रेक डक्ट.

बाहेरून बंपर कापून छिद्र पाडण्याचा मोह टाळलेला बरा. नव्या गाड्यांच्या बंपरमागे सेन्सर किंवा रडार असू शकते. शिवाय उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्बंध आहेत.

घाट उतरताना खरा उपाय कोणता?

उत्तर शेजारच्या रेल्वेमार्गावरच आहे. कसारा-इगतपुरी दरम्यानचा थळ घाट १८६५ मध्ये रेल्वेसाठी खुला झाला. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. आजची विद्युत इंजिने उतरताना मोटारींच्या साह्याने वेग रोखतात. केवळ ब्रेकच्या ठोकळ्यांवर भार टाकला जात नाही.

कारलाही हाच नियम लागू पडतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरावा. ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी थोडा जोरात दाबून वेग उतरवावा आणि सोडून द्यावा. इलेक्ट्रिक गाडीत मोटार हे काम करते, मात्र घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही मदत कमी मिळते.

सर्वांत घातक सवय म्हणजे इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे. पुण्यातील नवले पुलावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक फेल झाल्याचे सांगितले गेले, पण ट्रकचे इंजिन उतारावर बंद ठेवले होते, असे पोलिसांनी नंतर सांगितले.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्याने कसारा घाट टाळता येतो. सप्तशृंगी गडाला मात्र असा पर्याय नाही आणि २०२७ च्या सिंहस्थात जिल्ह्यातील घाटांवर बाहेरगावच्या गाड्यांची मोठी भर पडेल. बंपरवर हजारो रुपये खर्च करण्यापेक्षा उत्पादकाच्या वेळापत्रकानुसार, साधारणपणे दोन वर्षांनी, ब्रेक ऑइल बदलणे आणि पॅडची जाडी तपासणे स्वस्त पडते. घाटात उपयोगी पडते तेही हेच.