कवळी बसत का नाही?

दोन-चार दात गेले की काढता-घालता येणारी अर्धी कवळी हाच सामान्य कुटुंबाला परवडणारा उपाय उरतो. इम्प्लांट खिशाला झेपत नाही आणि पक्क्या ब्रिजसाठी शेजारचे निरोगी दात घासावे लागतात. मात्र करून घेतलेल्या अनेक कवळ्या डबीतच पडून राहतात. ‘सवय होईल’ असे रुग्णाला सांगितले जाते. पण न बसणाऱ्या कवळीची सवय होत नाही. ती हिरडीला जखम करते, तिच्या तारेखाली अन्न साचून किडते आणि उरलेले दातही हळूहळू सैल होतात. म्हणूनच ती कशी बनते, हे पाहणे आवश्यक आहे.

आपल्याकडील बहुसंख्य अर्ध्या कवळ्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात. हे प्लॅस्टिक घट्ट होताना आकसते. पूड आणि द्रव यांचे मिश्रण आकारमानाने सुमारे सात टक्के कमी होते. साच्यातील दाबामुळे त्याचा परिणाम बराच कमी होतो, नाहीसा होत नाही. पाण्याचे तापमान सावकाश वाढवले आणि साचा पूर्ण गार झाल्यावरच उघडला, तर कवळी सरळ राहते. घाई केली की ती वाकते किंवा आतून सच्छिद्र होते.

धातूच्या चौकटीची कवळी पातळ आणि मजबूत असते. मेणाचा नमुना करून त्याच्या जागी वितळलेला कोबाल्ट-क्रोमियम ओतण्याची पद्धत जुनी आहे. हा मिश्रधातूही गार होताना सुमारे दोन टक्क्यांहून अधिक आकसतो. भोवतीचा साचा तेवढाच प्रसरण पावेल, अशी योजना तंत्रज्ञाला करावी लागते. दातावर टेकणारे आधार नेमके बसल्याने चावण्याचा भार दातांवरही जातो. अ‍ॅक्रिलिकच्या साध्या कवळीत तो जवळपास सगळा हिरडीवर पडतो.

आता संगणकावर आराखडा करून लेझरने धातूची पूड थरावर थर वितळवणारी त्रिमिती छपाई आली आहे. यंत्र आले म्हणजे अचूकता आपोआप आली, हा समज मात्र तपासून घ्यावा लागेल. अमेरिकेतील लोमा लिंडा विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगशाळेतील तुलनेत दोन्ही पद्धतींच्या चौकटी स्वीकारार्ह ठरल्या, पण एकूण बसणी जुन्या ओतकामाची सरस निघाली. सुमारे ३११ मायक्रॉनपर्यंतची, म्हणजे मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून कमी फट, सर्वसाधारणपणे चालण्याजोगी मानली जाते. शिवाय, मागच्या टोकाला दातच नसेल तर स्कॅनरची मर्यादा उघड होते. दात दाबाखाली जेमतेम हलतो, हिरडी मात्र त्याच्या कित्येक पट दबते. स्कॅनर ती न दबलेल्या अवस्थेतच टिपतो.

तरीही अहिल्यानगर जिल्ह्यातील मिरजगावसारख्या गावांच्या दृष्टीने नव्या तंत्राचे मोल वेगळेच आहे. अशा ठिकाणच्या दवाखान्याला कवळीसाठी बहुधा शहरातील प्रयोगशाळेवर अवलंबून राहावे लागते. अल्जिनेटचे माप लगेच प्लास्टरने भरले नाही तर ते सुकून आकसते, ओल्या कपड्यात फार वेळ राहिले तर फुगते. माप एसटीने निघाले आणि प्लास्टर दुसऱ्या दिवशी ओतले, तर पुढची सारी कारागिरी वाया जाते. स्कॅनची फाईल प्रवासात बिघडत नाही. पण तोवर उपाय साधा आहे: माप दवाखान्यातच भरावे आणि शहरात प्लास्टरचा नमुना पाठवावा.

प्रश्न यंत्रापुरता नाही. दंततंत्रज्ञांच्या नोंदणीची तरतूद १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात होती. तरीही आपली कवळी कोणी, कशाची आणि कोणत्या पद्धतीने केली, हे रुग्णाला क्वचितच कळते. २०१४ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. याच जिल्ह्यात लोणी येथे दंत महाविद्यालय आहे. जिल्हा रुग्णालय आणि महाविद्यालय यांनी मिळून धातूची चौकट माफक दरात दिली, कवळी दिल्यानंतरच्या दुरुस्तीच्या दोन-तीन भेटी त्याच दरात धरल्या आणि प्रत्येक कवळीसोबत तिच्या घडणीची चिठ्ठी दिली, तर महागड्या यंत्राची वाट पाहावी लागणार नाही. कवळ्या किती वाटल्या, यापेक्षा वर्षभराने त्यातल्या किती तोंडात आहेत, हे मोजले जायला हवे.