सांगाडा तोच, कागद नवा
हॅलोविनसाठी कोरलेला खरा भोपळा काही दिवसांतच सडतो आणि म्हणून त्याचे टिकाऊ, आतून उजळणारे पर्याय शोधावे लागतात. दिवाळीच्या आकाशकंदिलाने मात्र ही अडचण पूर्वीच सोडवली आहे, कारण त्यात सांगाडा आणि आवरण ही दोन अंगे मुळातच वेगळी असतात. सांगाडा म्हणजे बांबूच्या कामट्या दोऱ्याने बांधून केलेली चौकोन-त्रिकोणांची चौकट, तर आवरण म्हणजे तिच्यावर खळीने, म्हणजे पीठ शिजवून केलेल्या चिकट लेपाने, डकवलेला पतंगी कागद. खळ पाण्यात सुटते, त्यामुळे जुना कागद भिजवून काढता येतो आणि चौकट पुढच्या वर्षी कामी येते, जे रासायनिक गोंदाने सहसा साधत नाही. कंदिलातला पूर्वीचा 60 वॅटचा तारेचा दिवा बहुतांश विजेची उष्णताच करी व कागद करपवी. आता जेमतेम 9 वॅटचा एलईडी दिवा तेवढाच उजेड देतो. मुंबईत घाटकोपर-मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरांत खरा प्रश्न असतो तो चौकट वर्षभर ठेवण्याच्या जागेचा (पोटमाळा आधीच भरलेला), म्हणून तिथे घडीचा कापडी कंदील अधिक सोयीचा ठरतो, जरी कामट्यांच्या कंदिलाचा डौल त्याला नाही. चौकट ठेवायचीच असेल, तर पावसाळ्यातील दमटपणापासून ती जपावी लागते, नाहीतर बांबूला बुरशी धरते. बोरिवलीच्या आयसी कॉलनीत डिसेंबरात झळकणारे नाताळचे तारेही चौकटीवर कागद डकवण्याच्या याच रीतीने बांधता येतात.