परसातली विहीर तपासा

पहिल्या पावसानंतर परसातल्या विहिरीचं पाणी गढूळतं आणि घरात जुलाब सुरू होतात. त्यावर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आहेच: हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरची निवळ विहिरीत सोडावी आणि निदान अर्धा तास पाणी शेंदू नये.

पण यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडचं काय? लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. टीसीएलने ते जात नाही. पाणी उकळून आटवलं तर उलट दाटतं. खतांतून झिरपणाऱ्या नायट्रेटचंही तेच, आणि ते तान्ह्या बाळांच्या जिवावर बेततं. तिथे आरओ, नाहीतर दुसरी विहीर. हे विष जिभेला कळत नाही; म्हणून खासगी विहिरींचे नमुनेही ग्रामपंचायतीने दरवर्षी फुकट तपासून द्यावेत.