पोराची लघवी काळी झाली, अन् म्हणे उष्णता!

साथींनो, बायांनो,

पाऊस लागला की आपल्या पाड्यांवर हिवताप येतो. रक्तात व्हायवॅक्स निघाला तर क्लोरोक्विन ३ दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस. प्रायमाक्विन वाईट गोळी नाही. काळजात दडून बसलेला हिवताप तीच काढते. पण काही पोरांच्या रक्तात जीसिक्सपीडी नावाचं द्रव्य जन्मापासून कमी असतं. आपल्या आदिवासींत हे जास्त सापडतं, त्यातही मुलग्यांत. अशा पोराला ही गोळी दिली की रक्तातल्या लाल पेशी फुटतात. लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे, पोर पांढरंफटक पडतं, धापा टाकतं.

आई पोराला कडेवर घेऊन उपकेंद्रात जाते. तिथं ऐकायला मिळतं, “उष्णता झालीय, पाणी पाज. गोळ्या मात्र बंद करू नको.” पोर दगावलं तर वहीत नुसतं ‘ताप’ लिहून मोकळे. वरून आपल्यालाच नावं ठेवायची, की हे लोक भगताकडे जातात, उशिरा येतात! दवाखान्यानं परत लावलेली बाई भगताकडे नाही तर कुठं जाणार?

सरकारच्याच हिवतापाच्या नियमात लिहिलंय की १ वर्षाखालच्या बाळाला आणि गरोदर बाईला प्रायमाक्विन द्यायची नाही. लघवी काळी, डोळे पिवळे, ओठ निळे, पोटदुखी, उलटी, यातलं काही दिसलं तर गोळी तिथंच थांबवून डॉक्टरकडे या, हे गोळी देतानाच सांगायचं. किती पाड्यांवर सांगितलं? आपल्या बोलीत तर सोडाच.

सिस्टरनं काय करायला पाहिजे? गोळी बंद करायची. लघवी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, श्वास, नाडी, रक्त तपासायचं. १०८ ची गाडी बोलवून मोठ्या दवाखान्यात धाडायचं आणि सोबतच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव, किती दिल्या, कधीपासून, हे लिहायचं. ती चिठ्ठी नसली तर तिथला डॉक्टर पुन्हा तीच गोळी देईल! मग नोंद करून वर कळवायचं, म्हणजे त्या पोराला जन्मात परत ती गोळी मिळणार नाही.

एकट्या सिस्टरला शिव्या देऊन भागत नाही. इतके पाडे तिच्या एकटीच्या डोक्यावर, नदी भरली की वाट बंद. तिला हे शिकवलं नसेल तर तो गुन्हा आरोग्य खात्याचा आहे.

वनहक्काच्या दाव्याची पोच घेतल्याशिवाय आपण प्रांत कचेरीतून हलत नाही. तशीच गोळीची चिठ्ठी मागा, रिकामं पाकीट जपून ठेवा. आणि येत्या ग्रामसभेत ठराव घाला: प्रायमाक्विन चालू असलेल्या प्रत्येक पोराला तिसऱ्या दिवशी सिस्टर किंवा आशाताईनं घरी येऊन बघायचं, आणि जीसिक्सपीडीची तपासणी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच झाली पाहिजे.